बायो बसल्याचं वसाहतीला कळतं सोमवारी, खाडीला गुरुवारी. मधल्या तीन दिवसांचं काय?

खाजणवाट (धागाकर्ता)

कोकणातल्या रासायनिक वसाहतींचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘सगळे चोर आहेत’. दुसरं, ‘आमचे रिपोर्ट नियमात आहेत’. मला ‘बायो बसतो’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू मरतात, अशा प्रसंगाबद्दल बोलायचंय, जिथे बहुतेक कंपन्या चोर नसतात, रिपोर्टही कालपर्यंत नियमात असतात, आणि तरी खाडी मरते. रोख कुठल्या एका कंपनीवर नाही. लोटे, महाड, रोहे-धाटाव, तारापूर, कुठलीही वसाहत डोळ्यांसमोर आणा.

कारखाना आपलं सांडपाणी स्वतःच्या ईटीपीतून (शुद्धीकरण यंत्रणेतून) काढून सामायिक केंद्राला, म्हणजे सीईटीपीला, देतो. तिथे समतोल टाकी, चुन्याची मात्रा, प्राथमिक क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि मग वायुवीजन टाकी. सगळी मदार या शेवटच्या टाकीतल्या जिवाणूंवर. लिटरमागे तीन-साडेतीन ग्रॅम जिवंत गाळ, विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅमच्या आसपास.

एका रात्री कुणाच्या तरी चेंबरमधून फिनॉल येतं, किंवा क्लोरीनवालं द्रावक, किंवा नुसतंच २ पीएचचं आम्लपाणी. सकाळच्या पाळीला पहिली खूण दिसते ती उलटी: ऑक्सिजन वाढलेला असतो. ब्लोअर तेवढेच चालू, पण मीटर २ वरून ५-६ वर. नवख्याला वाटतं पाणी सुधारलं. जुना ऑपरेटर ओळखतो की टाकीत श्वास घेणारं कुणी उरलेलं नाही. खात्री करायची तर टाकीतलं पाणी बीओडीच्या (घाण पचवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातील त्या मापाच्या) बाटलीत भरायचं, प्रोब लावायचा आणि दहा मिनिटं ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं. निरोगी गाळ तासाला लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅम खातो. इथे काटा जागचा हलत नाही. दुपारपर्यंत पांढरा फेस, सूक्ष्मदर्शकाखाली व्होर्टिसेला (निरोगी गाळात दिसणारा सूक्ष्म जीव) निपचित, आणि क्लॅरिफायरच्या कडेवरून तुसासारखा गाळ वाहतोय. वसाहतीच्या भाषेत ‘बायो बसला’.

तो परत उभा करायला दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळाचे टँकर आणायचे, शेण-गूळ घालायचं, युरिया आणि डीएपीने नत्र-स्फुरद जुळवायचं (बीओडी १०० ला नत्र ५, स्फुरद १), आणि वाट बघायची. दोन आठवडे लागतात, कधी तीन. तोवर २५० च्या आत असायला हवा तो सीओडी (तीच ऑक्सिजनची मागणी, पण रसायनाने मोजलेली) हजार-बाराशेने बाहेर पडतो.

कागदावर हिशेब करू. केंद्र दिवसाला ५० लाख लिटरचं, बाहेरच्या पाण्याचा बीओडी ६०० धरला, तर रोज ३,००० किलो ऑक्सिजनची मागणी खाडीत जाते. खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात घनमीटरमागे साडेसहा-सात ग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे दिवसाला साधारण साडेचार लाख घनमीटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन.

केंद्राला हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं. खाडीकाठच्या भोईवाडीला बोय मासळी उलटी तरंगायला लागली की कळतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मधल्या तीन दिवसांत पाग (फेकायचं जाळं) पडतच असतो, बायका ओहोटीला तिसऱ्या (शिंपले) काढत असतात, ते घरी शिजतं आणि बाजारातही जातं.

या तीन दिवसांत वाडीला सांगणं हे कंपन्यांचं नैतिक कर्तव्य आहे का? माझं उत्तर: आहे, आणि बाकी कुठल्याही शाळा-रंगवणी, वह्यावाटपाच्या आधी आहे.

गेटपास

धागा अभ्यासाने लिहिलाय, म्हणून उत्तरही तसंच देतो. असहमत.

पहिलं म्हणजे ‘कंपन्या’ म्हणजे कोण? एका केंद्राला शंभर-दीडशे सभासद. त्यातल्या एकाने रात्री दोनला चेंबरचं झाकण उचललं. बाकीच्यांनी आपापला चुना घातला, ब्लोअर चालवले, महिन्याचं बिल भरलं. आता त्यांनी वाडीवर जाऊन काय सांगायचं? ‘आमच्यातल्या कुणीतरी घाण केली, कोणी ते माहीत नाही’? बाहेरून येणारे टँकर तर सभासदही नसतात. महामार्गाला लागून असलेला नाला त्यांना बरा सापडतो.

दुसरं, सांगणाऱ्याचं काय होतं ते बघा. केंद्राने प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवलं की बायो बसलाय, तर मदत मिळत नाही, नोटीस मिळते. जल कायद्याचं कलम ३३-अ, पाणी तोडा, वीज तोडा. जो गप्प बसून शेण-गूळ टाकत राहतो तो दोन आठवड्यांत सावरतो, कुणाला पत्ता लागत नाही. प्रामाणिकपणाला दंड आणि लपवाछपवीला बक्षीस अशी रचना तुम्हीच करायची, आणि वर कंपनीला नीतिपाठ द्यायचे?

तिसरं, ‘सांगा’ म्हणणं सोपं आहे. एक फलक लागला की त्या खाडीचाच नव्हे, शेजारच्या दोन खाड्यांचा मासाही महिनाभर कोणी घेत नाही. ते नुकसान कोणाचं? भोयाचंच.

आणि समाजाने मानकं ठरवली आहेत: सीओडी २५०, बीओडी ३०, समुद्रकिनारी सोडायचं तर १००. त्यात बसलो की करार पूर्ण. त्यापलीकडचं ‘कर्तव्य’ म्हणजे ज्याला शेवटच नाही असा चेक.

लिंबलोणचं

करार म्हणताय तर त्यावर बोयची सही कुठाय? ;)

भरती_ओहोटी

धागाकर्त्याचा बीओडीचा हिशेब दिसायला जबरदस्त आहे, पण खाडीत मासा बहुधा त्याने मरत नाही. बीओडी ही हळूहळू वसूल होणारी उधारी आहे, आणि वारा-लाटा तेवढ्यात नवा ऑक्सिजन घालतही असतात. आधी मारतो तो अमोनिया, नाहीतर सल्फाइड.

गेटपास, तुम्ही ज्याला करार म्हणता त्याच करारात अमोनिया-नत्राची मर्यादा ५० मिग्रॅ आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं मुक्त रूप माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतं. पाण्याचा पीएच साडेसात असेल, तापमान २८-३०, तर मुक्त अमोनिया जेमतेम दोन टक्के. पीएच ८.२ झाला की तोच नऊ-दहा टक्के. म्हणजे ५० मधले जवळजवळ ५. बहुतेक मासे त्याच्या निम्म्यातही टिकत नाहीत. खाडीत दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाने पीएच चढतोच. सकाळी निभावलेलं पाणी दुपारी विषारी होतं आणि प्रयोगशाळेचा कागद दोन्ही वेळा ‘मर्यादेत’ म्हणतो.

मानक चुकीचं आहे असं म्हणत नाही. खाडीत सोडलेलं पाणी तिथल्या पाण्यात मिसळून पुरेसं पातळ होईल हे त्यात गृहीत धरलेलं आहे, एवढंच. आता हे पातळ होणं रोज सारखं असतं का?

अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, भरती चढत नाही आणि ओहोटी उतरत नाही. नळाच्या तोंडाशी सोडलेलं पाणी थोडं खाली सरकतं आणि पुढच्या भरतीला तिथेच परत येतं. चार दिवस तेच पाणी त्याच वळणावर हेलकावतं, वर नवं पाणी पडतच असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तेवढाच भार धुऊन समुद्रात जातो. दाभोळच्या खाडीला तर आणखी एक भानगड आहे. वाशिष्ठीला उन्हाळ्यात जे पाणी असतं त्यातलं बरंचसं कोयनेचं अवजल, पोफळी-कोळकेवाडीकडून वीज करून आलेलं. वीजनिर्मिती कमी झाली की वरून येणारा रेटा कमी. म्हणजे खाडी किती सोसेल हे तिथीवर आणि वीजकेंद्राच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि मंडळाच्या संमतिपत्रात मात्र वर्षभर एकच आकडा.

तेव्हा ‘नियमात आहे’ हे वाक्य नळाच्या आतल्या बाजूला खरं आहे. बाहेरच्या बाजूला ते अष्टमीला खोटं ठरू शकतं. हे ज्याला माहीत आहे त्याची जबाबदारी नियमापाशी संपत नाही. सोडायचंच तर ओहोटी लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत सोडा, भांगाच्या चार दिवसांत धरून ठेवा. यात काही अवघड विज्ञान नाही. पंचांग लागतं, टाकी लागते आणि व्हॉल्व्हवर माणूस.

गेटपास

अमोनियाचा मुद्दा मान्य. पण त्यातून निघतं काय? मानक बदला, भरतीनुसार विसर्गाची अट संमतिपत्रात घाला, आम्ही पाळू. ते काम मंडळाचं. प्रत्येक कारखान्याने पंचांग उघडून स्वतःची वेगळी नीती ठरवायची म्हटलं, तर जो ठरवेल त्याचा माल महाग आणि जो नाही ठरवणार त्याचा स्वस्त. वापीचा माल स्वस्त पडला की ऑर्डर तिकडे. मग कामगारांना खाडीकाठी बसून पाग टाकायला सांगायचं का?

खाजणवाट

गेटपास, एक विचारतो. तुमच्या त्याच मानकांच्या तक्त्यात आणखी एक ओळ असते: जैव चाचणी. शंभर टक्के, म्हणजे पाणी न घालता घेतलेल्या सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवायचे, ९० टक्के जगले पाहिजेत. सीओडीचा आकडा तोंडपाठ असतो, ही ओळ कोणाला आठवत नाही. का? सीओडी पाणी घालून खाली आणता येतो. हजारचा सीओडी चौपट बोअरच्या पाण्यात मिसळला की २५० च्या आतच येतो, खाडीत जाणारे किलो मात्र तेवढेच. म्हणून रिपोर्ट बघताना मिलिग्रॅमला प्रवाहाने गुणायचं: २५० मिग्रॅ × दिवसाला १,००० घनमीटर = २५० किलो. आणि ईटीपीचं वेगळं वीजमीटर बघायचं. २० अश्वशक्तीचा एक ब्लोअर चोवीस तास चालला तर ३६० युनिट व्हायलाच हवीत. मीटर १२० दाखवत असेल तर ब्लोअर फक्त एका पाळीला चालला. अवांतर झालं, पण ‘करार पाळतो’ म्हणणाऱ्याने करार सगळा वाचावा.

कलमदान

धागाकर्त्याने ‘कायदेशीर नव्हे, नैतिक’ अशी सोय करून दिलीय ती अनावश्यक आहे. यातलं अर्धं कर्तव्य कायद्यातच आहे.

जल कायदा १९७४, कलम ३१: अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने विषारी अथवा प्रदूषक द्रव्य प्रवाहात जात असेल, किंवा जाण्याची शक्यता असेल, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने ते तात्काळ मंडळाला कळवायचं. ‘शक्यता असेल’ हेही त्यात आहे. बायो बसला ती सकाळ या कलमात चपखल बसते. तेव्हा गप्प राहून शेण-गूळ टाकणारा ‘सावरत’ नसतो, तो कलम ३१ मोडत असतो. कारखाने कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली) भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कलम ४१-ब आलं होतं. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्याने धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही द्यायची.

दोन्हीत फट आहे ती अशी. ३१ मध्ये ‘तात्काळ’ आहे, पण सांगायचं मंडळाला. ४१-ब मध्ये जनता होती, पण ती एकदाच छापून ठेवायची धोरणवजा माहिती; सोमवारच्या घटनेची नव्हे. ‘तात्काळ’ आणि ‘जनता’ हे दोन शब्द एका कलमात कुठे भेटत नाहीत. धागाकर्ता जे तीन दिवस म्हणतोय ते या फटीत पडतात, आणि तिथे नैतिकतेशिवाय दुसरं काही उरत नाही हे खरं.

‘मानकात होतो’ या बचावाबद्दल. आपल्याकडे ओलियम वायू प्रकरणाच्या डिसेंबर १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांवर पूर्ण दायित्व टाकलं, काळजी घेतली होती हा बचाव चालत नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम १७ ने निर्दोष-दायित्व आणलं. आणि मच्छीमार गावांचाच दाखला हवा तर जपानमधलं मिनामाता, जिथे कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन माणसं आजारी पडली. तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये. १९५९ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरने मांजराला कारखान्याचं सांडपाणी घातलेलं अन्न देऊन तीच लक्षणं पाहिली. निष्कर्ष दाबला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात वाजतगाजत ‘सायक्लेटर’ नावाचं शुद्धीकरण यंत्र बसलं. सेंद्रिय पारा काढायला ते बनवलेलंच नव्हतं, पण लोक पुन्हा मासे खायला लागले. पारा सोडणारी प्रक्रिया थांबली १९६८ मध्ये. १९७३ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने निकालात म्हटलं की सांडपाणी वैधानिक मर्यादेत होतं एवढ्याने रासायनिक कारखाना काळजी घेण्याच्या कर्तव्यातून सुटत नाही. शंका आली की सोडणं थांबवायचं.

एक व्यावहारिक सूचना वाडीतल्या वाचकांसाठी. बिसलेरीच्या बाटलीत भरलेलं काळं पाणी कोर्टात कामाचं नसतं. कलम २१ नुसार नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याला सूचना देऊन, दोन भाग करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. तो अधिकारी येईस्तोवर ओहोटी झालेली असते. म्हणून सोमवारी कळणं महत्त्वाचं.

गेटपास

मिनामाता काढलं की संवाद संपतो हे माहीत असूनही ते काढलं जातं. तिथे वर्षानुवर्षं लपवणं होतं. इथे आपण दोन आठवड्यांच्या बिघाडाबद्दल बोलतोय.

कलम ३१ बद्दल मात्र शब्द मागे घेतो. ‘कळवलं तर मार बसतो’ हे खरं आहे, पण ‘कळवू नये’ असा त्याचा अर्थ होत नाही.

लिंबलोणचं

आज खाडीला उधाण दिसतंय, गेटपासरावांनी शब्द मागे घेतला!

नाडीपरीक्षा

चर्चा माशांवरच अडकलीय, माणसांबद्दल थोडं.

कंपन्यांच्या ‘आरोग्यविषयक जबाबदारी’चं सध्याचं रूप म्हणजे शिबिर. मंडप, रक्तदाब, साखर, चष्मे, व्हिटॅमिनची पाकिटं, फोटो. यात वाईट काही नाही, पण प्रदूषणाशी याचा काडीचा संबंध नाही. रक्तदाबाच्या यंत्राला फिनॉल दिसत नाही. आणि हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चात, दाखवला जातो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधले दोन टक्के हे नफ्यातून समाजासाठी आहेत. धंद्याच्या नेहमीच्या कामकाजाचा खर्च त्यात धरता येत नाही. ईटीपी चालवणं जसं सीएसआर नाही, तसंच स्वतःच्या सांडपाण्याने बाधित झालेल्यांना तपासणंही सीएसआर नसावं असं माझं मत. ते देणं आहे. देणं दानाच्या वहीत लिहिलं की घेणाऱ्याने आभार मानावे लागतात.

उलट बाजूला, ‘वाडीत कॅन्सर वाढला’ हे वाक्यही जपून वापरा. बाराशे वस्तीच्या वाडीत वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण निघणं नेहमीचंच. एका वर्षी चार निघाले तर तो योगायोग असू शकतो, आणि नसूही शकतो. एवढ्या लहान आकड्यांत कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी हात टेकते. त्यात हे आजार दहा-वीस वर्षांनी उगवतात. आकडेवारीने सिद्ध करायला निघालात तर कंपनीचा वकील तुम्हाला अर्ध्या तासात गुंडाळेल.

माणूस मोजण्याऐवजी त्याच्यापर्यंत काय पोचतं ते मोजा. कालव उत्तम मापक आहे. एका जागी चिकटून राहतं, दिवसभर पाणी गाळतं, जड धातू साठवतं. नळाच्या तोंडाजवळ एक जागा, वर एक, खाली एक, आणि तुलनेला वसाहत नसलेल्या खाडीतली एक. प्रत्येक जागेवरून सारख्या आकाराची दहा-बारा कालवं, वर्षातून चारदा, पावसाआधी आणि पावसानंतर धरून. मांस काढून एकत्र करायचं, गोठवायचं, पारा-कॅडमियम-शिसं तपासायचं. खाडीत कालव खाणारी घरं किती आणि आठवड्यातून किती वेळा खातात, ही यादी आशाताई दोन दिवसांत करून देईल. सोबत प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंदवही: त्वचा, दमा, डोळे यांचे आठवडावार आकडे. वासाच्या तक्रारी थंडीत आणि पहाटे वाढतात, कारण रात्री जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दरीत थंड हवेचं झाकण बसतं. दिवसाच्या खाऱ्या वाऱ्यात घेतलेला हवेचा नमुना स्वच्छच येणार.

आणि हे सुरू करायचं कारखाना उभा राहण्याआधी. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नसतो.

गेटपास

नाडीपरीक्षांचा प्रतिसाद पहिला असा आहे की ज्यावर सोमवारी काम सुरू करता येईल. पण मोजणी कोण करणार? कंपनीने केली तर तुम्ही म्हणणार विकत घेतली. वाडीने केली तर आम्ही म्हणणार नमुना उन्हात ठेवला होता. दोघांना चालेल असा तिसरा माणूस आधी ठरवा.

भरती_ओहोटी

नमुना दोघांनी मिळून काढायचा, एकाच कालवाचे नव्हे, एकाच गठ्ठ्याचे तीन भाग. एक कंपनीच्या फ्रीजमध्ये, एक ग्रामपंचायतीच्या, एक प्रयोगशाळेत. वाद झाला तर उरलेले दोन उघडायचे. पाण्याचं मात्र तसं नाही: ऑक्सिजन जागेवरच मोजायचा किंवा रसायन घालून पकडायचा, सीओडीच्या बाटलीत सल्फ्युरिक घालून पीएच २ च्या खाली, बीओडी बर्फात आणि लगेच. ग्रामपंचायतीच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या बीओडीला काही अर्थ नाही.

खाजणवाट

मूळ प्रश्नाकडे परत. गेटपास, तुमच्या दीडशे सभासदांच्या मुद्द्याला उत्तर देतो, कारण तोच सगळ्यात भक्कम आहे.

‘कोणी केलं माहीत नाही’ ही परिस्थिती आभाळातून पडलेली नाही, सभासदांनीच ती तशी ठेवलेली आहे. प्रत्येक चेंबरवर पीएच, वाहकता आणि सेंद्रिय कार्बनचा ऑनलाइन मीटर, त्याला जोडलेला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह, आणि कुलूपबंद झाकण. हे नवं तंत्रज्ञान नाही. बसवलं की शंभर-दीडशे संशयितांचा एक होतो. बसवत नाहीत, कारण माहीत नसणं सगळ्यांच्या सोयीचं आहे. पाइप सामायिक, फायदा सामायिक, मग सोमवारी सकाळी मौनही सामायिकच असणार.

दुसरं, साठवण. ५० लाख लिटरच्या केंद्राला दोन दिवसांची टाकी म्हणजे १०,००० घनमीटर: पन्नास बाय पन्नास मीटर, चार मीटर खोल. सपाट जागा कोकणात महाग, कबूल. मग सभासदांनी आपापल्या आवारात ४८ तासांची ठेवायची. दिवसाला १०० घनमीटर सोडणाऱ्याला २०० ची टाकी, अस्तर लावलेली, वरून पत्रा. पत्रा कशाला? आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो. उघडी टाकी पावसाळाभरात पावसानेच बरीचशी भरते, आणि मग ‘पावसाचं पाणी होतं’ म्हणून काय काय सोडलं जातं ते पहिल्या पुरानंतरच्या नाल्याला विचारा.

गेटपास

पत्र्याचा मुद्दा बरोबर. टाकीचाही. पण ‘सोडणं थांबवा’ म्हणताना एक लक्षात घ्या. रासायनिक बॅच नळासारखी बंद होत नाही. नायट्रेशन अर्ध्यात आहे, रिअॅक्टर तापलाय, तिथे ‘थांबा’ म्हटलं तर वसाहतच जाईल. चालू बॅच पूर्ण करावीच लागते आणि तिचं मदर लिकर (माल काढल्यावर उरलेलं द्रावण) निघतंच. थांबवता येतं ते नवं चार्जिंग, म्हणजे पुढच्या बॅचचा माल भरणं. म्हणजे सोमवारी सकाळी निरोप गेला तरी पाणी खऱ्या अर्थाने कमी होतं मंगळवारी रात्री. ४८ तासांची टाकी म्हणूनच हवी, नीतीसाठी नव्हे, उष्णतेसाठी.

आणि सांगण्याबद्दल. माझा विरोध अजून आहे, पण त्याची जागा बदललीय. ‘मासे खाऊ नका’ असा फलक कंपनीने लावू नये. तो निर्णय तिचा नाही, आणि एकदा लावला की काढायचा कधी हे कोणी सांगणार नाही. फलकावर फक्त घडलेलं असावं. ‘केंद्राचा जैविक भाग सोमवारी सकाळी ७ ला बंद पडला. विसर्ग चालू/बंद. साठवण टाकी इतके टक्के भरली. बाहेरच्या पाण्याचा सीओडी इतका, अमोनिया इतका.’ पाग टाकायचा की नाही ते भोई ठरवेल, त्याला खाडी आमच्यापेक्षा जास्त कळते. आणि असा फलक लावणाऱ्या केंद्राला मंडळाने पहिल्याच दिवशी ३३-अ दाखवू नये, सुधारायला मुदत द्यावी. एवढं मिळालं तर सांगायला हरकत नाही.

कलमदान

मुदत हा मंडळाच्या विवेकाचा भाग आहे, आधी लिहून घेता येणार नाही. पण कलम ३१ चं पत्र आणि फलक एकाच तासाला निघाले, तर पुढे ‘लपवलं’ हा आरोप टिकत नाही. कंपनीच्या वकिलालाही हे पटायला हरकत नसावी.

खाजणवाट

फलकावरचा मजकूर मान्य. त्यात ‘काय आलं होतं’ हेही हवं: फिनॉल, द्रावक, आम्ल, जे असेल ते. नाव कळून वाडीला काही उपयोग नाही, पण डॉक्टरला आहे.

गेटपास

‘काय आलं’ हे पहिल्या दिवशी केंद्रालाही माहीत नसतं. क्रोमॅटोग्राफीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस. ‘तपास चालू’ असं लिहू.

भरती_ओहोटी

लिहा. फक्त फलक तरीवर, होड्या लागतात तिथे, लावा, वसाहतीच्या गेटवर नको. वाडीतलं कोणी तिथे जात नाही. आणि वेळेचं बघा. केंद्राची कचेरी उघडते दहाला, साहेबांची सही होते अकराला. परवा अष्टमी आहे, ओहोटी सकाळी लवकर लागेल. तिसऱ्या काढणाऱ्या बायका तोवर पाण्यात उतरलेल्या असतात. सही न थांबता, रात्रपाळीच्या ऑपरेटरला खडू हातात घेता येईल का, तेवढं विचारा.